पिवळ्या पट्ट्याबाहेर

साखरेची बरणी वरच्या फळीवर होती आणि मुलगी नेमकी तिच्याखाली बसून दूध पीत होती. बाईने बरणीसाठी हात वर केला, एवढंच घडलं. मुलीच्या हातातला पेला सुटला. तिने डोकं खाली घातलं, कोपरं कानांवर दाबली, बोटं टाळूवर एकमेकांत गुंतवली आणि हनुवटी छातीत खुपसली. पेला आडवा झाला, दूध टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि फरशीवर टपटपू लागलं. बाईचा हात वरच राहिला, बरणीच्या झाकणावर. अकरा वर्षांच्या या आपल्या पोरीवर तिने कधी हात उचलला नव्हता. ओरडली होती, दारं आपटली होती, एकदा रागाच्या भरात चप्पल भिंतीवर भिरकावली होती, पण भिंतीवर. स्वतःबद्दल चारचौघांत सांगण्यासारखी एवढी एकच चांगली गोष्ट आपल्याजवळ आहे, असं तिला पुष्कळदा वाटे. मग मुलीने कोपरं काढली, फडकं आणलं, दूध पुसलं आणि कोणाकडेही न बघता म्हणाली की पाल आहे असं वाटलं. पालीला माणूस असं घाबरत नाही. पाल म्हटलं की माणूस मागे उडी मारतं. समोरच्या खुर्चीत बाईची आई बसली होती, पाव चहात बुडवून तो विरघळेपर्यंत बघत. आज सुट्टी आहे का गं, असं तिने सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं. सुट्टी नव्हती. बाईने साखर काढली, चहात घातली, ढवळली, विसरली आणि पुन्हा घातली.

ती कोपरं तिच्या ओळखीची होती. कंपनीची जीप खाडीच्या रस्त्याला लागली तेव्हा तिने आपले दोन्ही हात मांडीवर उलटे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. आधी कान झाकायचे, कारण कानावर फटका बसला की दिवसभर आत शिट्टी वाजते. मग बोटं गुंतवायची, कारण मोकळं बोट सापडलं तर तेच मोडतं. हनुवटी आत घ्यायची, म्हणजे दात ओठांत घुसत नाहीत. हे कोणी शिकवत नाही आणि आपोआप येतही नाही. मार खाऊन खाऊन ते अंगात बसतं, जसं सायकल चालवणं बसतं. तिची आई लोकांचे कपडे शिवायची. घरात दोनच खोल्या, त्यातली एक शिवणयंत्राची, आणि यंत्राच्या बाजूला खिळ्याला लटकवलेली मापाची लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना पितळी टोपणं बसवलेली. बॉबिन हरवली की पट्टी. इस्त्रीने गिऱ्हाइकाचं कापड करपलं की पट्टी. बापाला घरी यायला उशीर झाला की कारण नसतानाच पट्टी, आणि बाप आला की ती परत खिळ्यावर, आणि मग दाराआडून वेगळ्या फटक्यांचे आवाज, आणि आईचं कण्हणं. आईचा राग पातेल्यातल्या दुधासारखा वर यायचा, कोणीतरी मार खाल्ल्याशिवाय खाली बसायचा नाही. दादा पळायचा. चपळ होता, खिडकीतून थेट गल्लीत. बाई पळायची नाही. आपण पळालो तर आई कोणाला मारेल, हा विचार एवढ्याशा डोक्यात कुठून आला होता देव जाणे, पण ती उभी राहायची, कोपरं वर घेऊन, आईचं होईपर्यंत. पितळी टोपणाची एक खूण अजून तिच्या मनगटाच्या हाडावर होती. लोक विचारत, भाजलं का? ती हो म्हणायची.

म्हणजे म्हातारी पोरीला मारते. जीप खड्ड्यात आदळली आणि हा विचार वर आला. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येणारा पाहुणा. बाई दिवसभर समुद्रावर. घरी शाळा सुटल्यापासून अंधार पडेपर्यंत दोघीच, आजी आणि नात. आणि हे तिनेच जमवून आणलेलं. आई थकली, विसरायला लागली, बोटं सुईत दोरा ओवेनाशी झाली, तेव्हा तिनेच तिला घरी आणलं होतं. लोक म्हणाले, लेक असावी तर अशी. लेकीने तेच हात उचलून आपल्या पोरीच्या गळ्यात बांधले होते. बाईच्या डोळ्यांसमोर ती बोटं आली, गाठी आलेली, कागदासारख्या कातडीची, आणि तिला दिसलं की आपण ती एकेक करून मागे वाकवतो आहोत, वाळलेल्या काड्या मोडाव्या तशी, आणि आवाज तसाच येतो आहे. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, मॅडम, बरं वाटत नाही का? तिने खिडकीची काच खाली केली. मग दादाला फोन लावला. आईला आजच घेऊन जा म्हणाली. दादाने त्याच्या घराच्या जिन्याचं सांगितलं, बायकोच्या गुडघ्यांचं सांगितलं, एवढी घाई कसली, रविवारी बसून बोलू म्हणाला. लहानपणी खिडकीतून निसटायचा तसाच हळूच निसटत होता. तेव्हा बाई म्हणाली, "आज ने. नाहीतर मी काहीतरी करून बसेन." हा आवाज तिचा नव्हता, शिवणयंत्राच्या खोलीतला होता, आणि दादाने तो ओळखला असावा, कारण मग त्याने संध्याकाळी गाडी घेऊन येतो एवढंच म्हटलं. गेल्या महिन्यातला प्रकार त्याला माहीत होताच. आईने शेगडीची चावी सोडली आणि पेटवायचं विसरली. बाई घरी आली तेव्हा सगळ्या घराला गॅसचा तो कुजका वास. तेव्हा बाईने आईला चार शब्द सुनावले होते. दादालाही तिने तसंच सांगितलं होतं, चार शब्द सुनावले म्हणून.

खाडीच्या तोंडाशी जहाज उभं होतं. आठवडा झाला तरी डोळ्यांना सवय होत नव्हती. समुद्रात कोणीतरी गल्लीच्या गल्ली आणून ठेवावी एवढं लांब. हे जहाज आता कुठेच जाणार नव्हतं. वर्षानुवर्षं इथेच बांधून राहणार, दुसरी जहाजं येऊन त्याच्या पोटात गॅस ओतणार, गार करून पाण्यासारखा पातळ केलेला, आणि हे त्याला समुद्राच्या पाण्याची ऊब देऊन परत वायू करणार आणि नळातून शहरात सोडणार. जमिनीवर टाक्या बांधायला जागा नव्हती, वेळही नव्हता, म्हणून हे तरंगतं टर्मिनल. त्या पातळ गॅसची थंडी अशी की थेंबभर साध्या पोलादावर सांडला तर पोलाद काचेसारखं तडकतं. नळसुद्धा एकदम भरायचे नाहीत, आधी गार वाफ सोडून तासन् तास हळूहळू थंड करायचे. घाई केली की नळ आखडतो, वाकतो, फाटतो. लोकांना भीती आगीची वाटे. या कामातल्या माणसांना थंडीचीच जास्त वाटे. बाईचं काम त्याच्याही अलीकडचं होतं, जहाज बांधून ठेवण्याचं. जेट्टीवर तिला समोर मॅडम आणि पाठीमागे तोफ म्हणत; हे तिला ठाऊक होतं आणि थोडं आवडतही होतं. बांधणीचा तिचा एक धडा नव्या माणसांना पाठ झालेला असायचा. एका गटातले सगळे दोर एका जातीचे, एका वयाचे हवेत. एकच जास्त ताठ निघाला तर बाकीचे लवतात, सगळा भार तो एकटा घेतो आणि तोच आधी तुटतो. दोराबद्दल हे तिने पुस्तकात वाचलं तेव्हा तिला नवीन काहीच वाटलं नव्हतं.

आज पाणी वरून सपाट होतं, तेलासारखं. पण आत लांब लाट होती. ती डोळ्यांना दिसत नाही. कुठेतरी दूर वादळ होऊन गेलेलं असतं, त्याची ती शिल्लक, आणि एवढं मोठं जहाज तिच्यावर सावकाश पुढे सरतं, मागे सरतं, झोपलेल्या जनावराच्या बरगड्यांसारखं. दोर ताणत होते, सैल होत होते. ताणताना त्यांच्यातून पाणी गळत होतं. जेट्टीच्या जमिनीवर, दोर अडकवायच्या हुकांमागे पिवळे पट्टे मारलेले होते. दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो. तो जिथवर येईल तेवढी जागा पट्ट्याच्या आत, आणि माणसांनी बाहेर. हे पट्टे बाईनेच आखून दिले होते आणि रंगाऱ्याने मारले होते. रंगारी पन्नाशीचा, पायजम्यावर जगातले सगळे रंग, आणि तोफेसमोर विनोद करणारा साऱ्या जेट्टीवर तो एकटाच. आज तो खारट हवेने उडालेला पट्टा दुरुस्त करायला आला होता. त्याने बाईला ऐकवलं की बायको घराला रंग मागते आहे, तर तिला सांगितलंय की घरभर नाही, मधोमध एक पट्टा मारून देतो, आत मी राहीन, बाहेर तू राहा, दोघांचा जीव वाचेल. एरवी बाई हसली असती. तिने फक्त मान हलवली आणि विचारलं की तुम्ही पोरांना मारता का. रंगाऱ्याने ब्रश डब्याच्या काठावर निथळला. आता मोठी झालीत, आता ती मारतील, असं काहीसं तो म्हणाला आणि पुन्हा उकिडवा बसला.

तेवढ्यात दोरांचा मुकादम आला. एक हुक अडकला होता, उघडतच नव्हता, आणि जहाजाचा कप्तान वरून ओरडत होता की लाट वाढते आहे, आणखी एक दोर द्या. मुकादमाने विचारलं, दोर लोखंडी खुंट्याला वळसा घालून पलीकडच्या हुकाला देऊ का, भरतीपुरता? बाई त्या वेळी शिवणयंत्राच्या खोलीत होती. मुलगी यंत्राखाली लपली होती आणि आई वाकून तिला पायाने बाहेर ओढत होती; मुलगी म्हणजे ही की आपण, हे तिला नीट दिसत नव्हतं. "द्या," ती म्हणाली. दोराची वाट वळली की त्याच्या फटक्याची वाटही वळते, हे या धंद्यात शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण जमिनीवर पिवळा पट्टा होता, ताजा, चकचकीत, आणि तो दिसत असताना कोणी डोकं चालवत नाही. मुकादमाची माणसं पट्ट्याबाहेर सरकली. रंगारी तर पट्ट्याच्या केव्हाच बाहेर होता, खुंट्याच्या अंगाला, डब्यावर झाकण बसवत.

ताणलेला दोर तुटण्याआधी सांगत नाही. आवाज आणि दोर एकदमच येतात. बाईला आधी वाटलं की कोणीतरी आपल्याच कानाखाली मारली. तीच शिट्टी, त्याच उजव्या कानात. दोराने खुंट्याभोवती झेप घेतली, वाटेतला कठडा गवतासारखा आडवा केला आणि रंगाऱ्याला खांद्यावरून जबड्यापर्यंत फटकारून तसाच पुढे जाऊन पडला, वळवळत, तापलेल्या नायलॉनचा वास सोडत. रंगारी उडून दोन माणसांपलीकडे पडला. डबा सांडला होता. पिवळ्या रंगात लाल मिसळताना तिने पाहिलं, आणि त्यात एक दात. बाही अंगात होती, बाहीत हात होता, पण हात भलत्याच दिशेला बघत होता. माणसं ओरडत धावली. मुकादमाने गुडघ्यावर बसून दंडाच्या वर आपला कमरेचा पट्टा आवळला आणि आवळता आवळता रडायला लागला. रंगारी शुद्धीवर होता, तेच वाईट होतं. त्याला बाईशी बोलायचं होतं. ती इतकी जवळ वाकली की त्याच्या तोंडातलं गरम रक्त तिच्या गालावर उडालं. "मी बाहेर होतो मॅडम," तो फुटलेल्या जबड्यातून म्हणाला. "पट्ट्याच्या बाहेर होतो." जणू कोणी त्याला रागवणार होतं. "हो," बाई म्हणाली. "बाहेरच होतात तुम्ही. चूक माझी आहे." हे त्याला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

रुग्णवाहिका गेल्यावर ती कठड्याच्या उरलेल्या तुकड्याला धरून उभी राहिली. बाकीचे दोर ताणत होते, सैल होत होते, पाणी गाळत होते. चौकशीला साहेब निघाले होते. मुकादम शेजारी येऊन सांगत होता की वाट मीच सुचवली, आणि ती त्याला म्हणत होती की द्या असं मी म्हटलं, हेच सांगायचं, दुसरं काही नाही. बोलता बोलता तिला तो कुजका वास आला. गॅसला असा वास नसतो. घराघरात जाण्याआधी तो मुद्दाम घालतात, माणसांना कळावं म्हणून. गेल्या महिन्यात ती घरात शिरली होती, चावी बंद केली होती, खिडक्या उघडल्या होत्या, आणि मग आई बोळात उभी होती, भिंतीला टेकून, हसरी, विचारत होती, आज सुट्टी आहे का गं? चार शब्द नव्हते. एकही शब्द नव्हता. तिने आईच्या डोक्यावर मारलं होतं, उघड्या तळव्याने, आणि मग पुन्हा, आणि आईने कोपरं कानांवर घेतली, बोटं टाळूवर गुंतवली, हनुवटी छातीत घातली, इतकी नीट, इतकी सरावाची, की बाईला अजूनच चेव आला. तुला कशी येते ही रीत, ही तर माझी आहे, असं काहीतरी तिच्या डोक्यात ओरडत होतं, आणि ती त्या कोपरांवर मारत राहिली, हात दुखेपर्यंत. आणि मग बरं वाटलं होतं. एवढं बरं तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तिने आईला पाणी दिलं होतं, केस विंचरून दिले होते. आई सगळं विसरली होती, घटकाभरात. घरात दुसरं कोणी नव्हतं, मुलगी क्लासला गेली होती. फक्त बोळातल्या बाथरूमचं दार बोटभर उघडं होतं, आणि नंतर तिथून मुलीच्या खोलीपर्यंत ओली पावलं होती, लहान. आईचीच असतील असं म्हणून तिने ती पुसली होती. आईचे पाय लहान नव्हते.

मग तिला महिना आठवायला लागला, उलटा. मुलीने आपली गादी आजीच्या खोलीत नेली, ते. शाळेतून खेळायला न थांबता थेट घरी येऊ लागली, ते. बाई आजीशी बोलायला लागली की ती मध्येच पाणी हवं का, पंखा लावू का म्हणून येऊन उभी राहते, ते. किती माया आहे बघा दोघींची, असं बाई नवऱ्याला फोनवर सांगत आली होती.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा खाली दादाची गाडी होती. तिने बाहेरच्या नळावर तोंड पुन्हा धुतलं. आत दादा खुर्चीच्या टोकावर बसला होता, चहा न पिता. आईला बाहेर जायचे कपडे घातलेले होते, पदर नीट खोचलेला, पायाशी बॅग. मुलगी आजीच्या खुर्चीला चिकटून उभी होती आणि तिने बॅगेचा बंद हाताला दोनदा गुंडाळून घेतला होता. दादा म्हणाला की जिन्याचं काय ते बघू, पाठीवर घेईन म्हातारीला, लहानपणचं सगळं फिटेल. बाई म्हणाली की आई कुठे जात नाही. दादाने तिच्या कपड्यांवरचे पिवळे डाग पाहिले, लाल पाहिले. "सकाळी तर म्हणालीस, काहीतरी करून बसेन."

"करून बसले," बाई म्हणाली. "कधीचीच."

दादाने आईकडे बघितलं, मग बाईकडे. त्याला कळलं होतं. त्या खोलीतलं सगळं त्याला नेहमीच पटकन कळायचं. तो उठला, गाडी वाकडी लावलीय, नीट लावून येतो म्हणाला, आणि गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि लांब जात राहिला. या घराला खिडकीची गरज नव्हती, दारच होतं.

मुलीने बॅग सोडली नाही. "मी बाथरूममध्ये होते," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. "क्लास सुटला होता लवकर."

"माहीत आहे."

"आजी काही करत नाही मला. उगाच तिला पाठवू नकोस."

"नाही पाठवत."

पुढे काय बोलायचं असतं ते बाईला येत नव्हतं. तिच्या घरात ते कधी कोणी बोललं नव्हतं. चहा करावा असं वाटलं, म्हणून ती शेगडीपाशी गेली, आधण ठेवलं आणि सवयीने साखरेच्या बरणीकडे हात वर केला. तिच्या मागे खुर्ची करकरली. तिने वळून बघितलं. मुलीने या वेळी आपलं डोकं झाकलं नव्हतं. ती आजीवर ओणवी झाली होती, तिची दोन्ही कोपरं आजीच्या कानांवर होती, बोटं आजीच्या पांढऱ्या टाळूवर गुंतवलेली, आणि तिचं स्वतःचं डोकं, कान, मान, सगळं उघडं होतं. म्हातारी खाली निमूट बसली होती.

बाईने हात तसाच धरला. खाली आणायचा तरी कसा, ते तिला कळेना. कसाही आणला तरी तो येताना दिसणारच. नळ थंड करावा तसा, सावकाश, सावकाश. बरणी तिथेच सोडून तिने हात छातीपर्यंत आणला, मग पोटापर्यंत, मग ती शेगडी बंद करून खाली फरशीवर बसली, दोघींपासून हातभर लांब, पाठ कपाटाला टेकवून, हात मांडीखाली घालून. आता ती त्या दोघींपेक्षाही खालच्या पातळीवर होती. "साखर तूच काढ," ती मुलीला म्हणाली. मुलीने आधी बाईच्या मांडीखालच्या हातांकडे पाहिलं. मग तिने एक कोपर काढलं. मग दुसरं. स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि आईवरची नजर न काढता बरणी चाचपू लागली.

मधे कोणी नव्हतं आता. आईने, म्हणजे म्हातारीने, खाली बसलेल्या आपल्या लेकीकडे पाहिलं. ओळखीचं काहीतरी दिसावं तसं तिचं तोंड हललं. "किती गं माखून आलीस," ती म्हणाली आणि तिने हात उचलला, तो गाठाळ, थरथरता हात, बाईच्या केसांच्या दिशेने. बाई मोठी होती, शहाणी होती, जहाजं बांधून ठेवणारी होती, आणि तो हात कशासाठी येतो आहे हे बघायला तिला घटकाभर वेळही होता. पण मांडीखालचे हात निघाले. कोपरं कानांवर गेली, बोटं टाळूवर गुंतली, हनुवटी छातीत रुतली.

वर, स्टुलावर, बरणीचं झाकण वाजलं आणि थांबलं. आईचा हात आला नाही. तो हवेत तसाच राहिला असावा, जवळच कुठेतरी. बाईला त्याची ऊब लागत होती, पण डोकं वर करून बघणं तिला जमत नव्हतं. मुलगी मात्र वरून बघत होती, हे तिला नक्की ठाऊक होतं.